स्तुति आणि करारपत्र

स्तुतीचेंही एक वाङ्मय असतें, आणि इतर वाङ्मयाप्रमाणें त्याचेंही परीक्षण अधूनमधून झालें पाहिजे. कवितेंतील शिळा अलंकार आम्ही टीकाकार मंडळी तत्काळ पकडतों. पण एखाद्या विजयानंतर अलंकारांचा जो पाऊस पडतो, तो मात्र न तपासतांच वाहून जाऊं देतों. आनंदाच्या प्रसंगीं दोष काढणें अरसिकपणाचें दिसतें, हें त्याचें कारण असावें. तो आरोप पत्करून आज आम्ही अशाच एका विजयासंबंधीं चार शब्द लिहिणार आहों.

२३ जुलै २०२२ रोजीं मोरोक्कोची राजधानी रबात येथें दक्षिण आफ्रिकेच्या स्त्रियांच्या फुटबॉल संघानें यजमानांचा २-१ असा पराभव करून आफ्रिका खंडाचें अजिंक्यपद प्रथमच मिळविलें. विजयी संघाचे दोन्ही गोल हिल्डा मगाइया हिनें केले. त्या स्पर्धेंतील आपले सहाच्या सहा सामने या संघानें जिंकले, आणि त्यांत आजवर सर्वाधिक अजिंक्यपदें मिळविणाऱ्या नायजेरियाशीं झालेला सामनाही होता. अशा यशाविषयीं लिहितांना लेखणी सहजच तीन शब्दांकडे वळते: 'उदय', 'चमत्कार' आणि 'देशाच्या लेकी'. तिन्ही शब्द गोड आहेत. आणि आमच्या मतें तिन्ही कमीअधिक प्रमाणांत दिशाभूल करणारे आहेत.

प्रथम 'उदय' हा शब्द घेऊं. उदयांत आयास नसतात. सूर्य ठरल्या वेळीं आपोआप वर येतो. पाहणारानें फक्त हात जोडावयाचे असतात. या संघाचा इतिहास तसा नाहीं. वर्णभेदाच्या राजनीतीमुळें दक्षिण आफ्रिकेला जागतिक फुटबॉल संघटनेनें १९६१ सालीं प्रथम निलंबित केलें व १९७६ सालीं काढून टाकलें. पुनः प्रवेश मिळाला तो १९९२ सालीं. पुढच्याच वर्षीं, ३० मे १९९३ रोजीं, स्त्रियांचा संघ स्वाझीलंडविरुद्ध आपला पहिला सामना खेळला आणि १४-० असा जिंकला. देशांतील कृष्णवर्णीय प्रजेला मतदान करावयास मिळण्यास तेव्हां अद्याप अकरा महिने अवकाश होता! त्या सामन्यांत तीन गोल करणाऱ्या डेसिरे एलिसबाई त्या वेळीं तीस वर्षांच्या होत्या, आणि या खेळापायीं त्यांना हातची नोकरी गमवावी लागली होती. पुढें त्या संघाच्या कर्णधार झाल्या, नंतर शिक्षक झाल्या, आणि २०२२ चें अजिंक्यपद त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं मिळालें. मधल्या एकोणतीस वर्षांत हा संघ खंडाच्या अंतिम सामन्यांत १९९५, २०००, २००८, २०१२ आणि २०१८ असा पांच वेळां हरला. पांच पराभव पचवून मिळालेल्या यशाला उदय म्हणणें म्हणजे शेतकऱ्याच्या पिकाचें श्रेय पंचांगाला देणें होय.

'चमत्कार' हा शब्दही याच जातीचा. चमत्कार म्हटला कीं कारणें शोधण्याची जबाबदारी संपते. येथें तर कारणें डोळ्यांसमोर आहेत. प्रिटोरियाच्या विद्यापीठांत होतकरू मुलींसाठीं निवासी शिक्षणाची सोय झाली. २०१२ सालीं लंडनच्या व २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिक सामन्यांचा अनुभव मिळाला. २०१९ सालीं स्त्रियांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली. त्याच वर्षीं हा संघ प्रथम जागतिक स्पर्धेंत उतरला, आणि तिन्ही सामने हरून, शिकून परतला. पुरुषांची व्यावसायिक साखळी स्पर्धा आजच्या स्वरूपांत १९९६ पासून चालू आहे, हें येथें ध्यानांत घ्यावें. म्हणजे स्त्रियांनीं तेवीस वर्षें उशिरां मिळालेल्या साधनांवर हें काम केलें. यांत आश्चर्य आहे, परंतु गूढ कांहीं नाहीं.

तिसरा शब्द अधिक नाजूक आहे. या संघाचें लाडकें नांव 'बान्याना बान्याना', म्हणजे 'मुली मुली'. पुरुषांच्या संघालाही 'बाफाना बाफाना', म्हणजे 'मुलगे मुलगे', असेंच म्हणतात. आमच्या मराठींतही अशी द्विरुक्ति लडिवाळपणाची आहे, तेव्हां नांवांत वावगें कांहीं नाहीं. फरक पडतो तो नांवामागच्या व्यवहारांत. मुलग्यांना कर्त्या पुरुषांप्रमाणें मोबदला मिळतो. मुलींनीं मात्र मुलींप्रमाणें हौसेखातर खेळावें, अशी अपेक्षा असते. शिवाय, मुली म्हणून कौतुक करणारा समाज आपल्या मुलींना जपतोच असेंही नाहीं. याच संघांतून खेळलेली, आणि स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांच्या हक्कांसाठीं उघडपणें झटणारी, यूडी सिमेलाने हिचा एप्रिल २००८ मध्यें तिच्या स्वतःच्या क्वाथेमा वस्तींत अत्याचार करून खून झाला. लाडक्या नांवाचें चिलखत होत नाहीं.

स्तुतीची खरी कसोटी २०२३ सालीं लागली. जागतिक स्पर्धेला निघण्यापूर्वीं, २ जुलै रोजीं, त्साकाने येथें बोट्स्वानाशीं निरोपाचा सामना ठरला होता. मैदान कठीण व अपायकारक होतें, आणि स्पर्धेच्या मोबदल्याची रक्कम करारपत्रांत लिहिलेली नव्हती. म्हणून खेळाडूंनीं खेळण्यास नकार दिला. तेव्हां संघटनेनें घाईघाईनें दुसराच संघ उभा केला. त्यांत एक तेरा वर्षांची मुलगीही होती! तो संघ ०-५ असा हरला.

येथें कांहीं सुज्ञ वाचक म्हणतील कीं, देशाचा मान पणाला लागला असतां पैशाची भाषा बोलणें शोभत नाहीं. आणि स्त्रियांचे सामने पाहण्यास तिकिटें काढून येणारे थोडे, तर संघटनेनें पैसा आणावा कोठून? दुसरा आक्षेप एरवीं विचार करण्यासारखा आहे. परंतु जागतिक संघटनेनें त्या वर्षीं प्रथमच प्रत्येक खेळाडूसाठीं किमान ३०,००० डॉलर जाहीर केले होते. खेळाडूंची मागणी इतकीच कीं, जें तोंडीं आहे तें कागदावर यावें. पहिल्या आक्षेपाचें उत्तर मैदानावरच मिळालें. मोट्सेपे प्रतिष्ठाननें साठ लाख रँड देऊन तंटा मिटविला, आणि त्याच बंडखोर स्त्रिया न्यूझीलंडला गेल्या. स्वीडनशीं १-२ असा पराभव झाला, अर्जेंटिनाशीं २-२ अशी बरोबरी झाली, आणि २ ऑगस्ट रोजीं वेलिंग्टन येथें थेम्बी खाटलाना हिनें अगदीं शेवटच्या क्षणीं केलेल्या गोलानें इटलीवर ३-२ असा विजय मिळाला. जागतिक स्पर्धेंतील हा त्यांचा पहिलाच विजय. त्यानें हा संघ शेवटच्या सोळांत गेला, आणि तेथें नेदरलंड्सकडून ०-२ असा हरला. करारपत्र मागणारांचें देशप्रेम कमी पडतें, हा सिद्धांत महिन्याभरांत खोटा ठरला.

जुलै २०२५ मध्यें मोरोक्कोंत पुनः खंडाची स्पर्धा झाली. उपांत्य सामन्यांत नायजेरियानें या संघाला २-१ असें हरविलें, आणि त्याला चौथ्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें. 'उदय' म्हणणारांना आतां 'अस्त' म्हणणें भाग आहे; त्यांच्या रूपकाची तीच गति आहे. परंतु ज्यांनीं या इतिहासाकडे श्रम म्हणून पाहिलें, त्यांना या पराभवांत अस्त दिसणार नाहीं. साखळी स्पर्धा चालू आहे काय, मैदान खेळण्याजोगें आहे काय, आणि कबूल केलेला मोबदला वेळेवर पोंचतो काय, इतकेंच ते विचारतील. हे प्रश्न रूक्ष आहेत, त्यांत अलंकाराला जागा नाहीं. तरीपण विजयगीतें रचणारांनीं लेखणी उचलण्यापूर्वीं ते एकदां विचारून पहावेत, अशी आमची सूचना आहे. त्यामुळें कवितांची संख्या थोडी घटेल. उरतील त्या मात्र खऱ्या असतील.