‘अजांत्रिक’ आणि सौंसरची पद्मिनी

ऋत्विक घटक यांचा ‘अजांत्रिक’ हा बंगाली चित्रपट 1958 मध्ये निघाला. सुबोध घोष यांच्या कथेवर आधारलेल्या ह्या चित्रपटात छोटा नागपूरच्या मुलखातील बिमल नावाचा एकाकी चालक आपली मोडकळीस आलेली शेव्हरोलेट टॅक्सी जिवापाड सांभाळतो. तिचे नाव जगद्दल. तो तिच्याशी बोलतो आणि घटकांनी ध्वनियोजनेतून त्या गाडीलाही हुंकार दिला आहे. गावाच्या लेखी बिमल वेडा. ओरावांच्या नृत्याची दृश्ये कथेला थोडी सैल करतात असे आमचे मत असले, तरी गाडीवरील निष्ठेविषयी याहून खरी कलाकृती आमच्या पाहण्यात नाही.

आज तिची आठवण होण्यास कारण आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्याने रस्त्यावरून उतरली, आणि तेव्हापासून त्या गाडीवरील हळव्या लेखनाला पूर आला. त्यात काळापिवळा रंग आहे, आसनांचा वास आहे, पावसातली मरीन ड्राइव्ह आहे; गाडीखाली आडव्या झालेल्या मिस्त्रीचे हात मात्र कोठेच नाहीत. शिवाय वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची ही गाडी लोकांनी निवडून घेतली होती, हा समजही अर्धाच खरा. परवान्यांच्या राज्यात नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि निवड होती ती फार तर अँबॅसडरशी. दुसरे काही मिळत नसताना जी निष्ठा दिसते तिची परीक्षा झालेली नसते. ती झाली 2000 च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबल्यावर.

ज्या महिन्यात मुंबईची टॅक्सी थांबली, त्याच महिन्यात आमचा पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. सौंसरचे एक संत्राबागायतदार पुढे आमच्याकडे कागद घेऊन आले. त्यांची पद्मिनी 1974 ची. गिअरचा दांडा अजून सुकाणूपाशीच. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी निराळी नोंदणी ठेवली आहे, ती मिळावी ही त्यांची इच्छा. आम्ही नियम वाचून दाखविला. गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा फेरबदल नको. आणि ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापरास निघायची नाही. प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर यावयाची.

काकांचा चेहरा उतरला. त्यांच्या गाडीचे इंजिन दुसऱ्या एका पद्मिनीचे, नागपूरच्या भंगारातून आणलेले; नोंदणीपुस्तकात त्याची नोंद रीतसर झालेली. “वकीलसाहेब, मी बदललं नसतं तर गाडी उरली असती का?” ह्या प्रश्नास कायद्यात उत्तर नाही. आपल्या देवळांत आहे. मंगेशाचे स्थान सोळाव्या शतकात कुशस्थळीहून प्रियोळास आले. दगड नवे, गाभारा नवा. तरी कोणा भाविकाने हा मूळचा देव नव्हे, असे म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. जीर्णोद्धार हा शब्दच बदल गृहीत धरतो. ज्या देवळात पूजा चालते त्याचे दगड बदलावेच लागतात. अबाधित राहते ते संग्रहालय. नव्या नियमाने जुन्या गाडीस मान दिला खरा, पण तो संग्रहालयाचा मान आहे.

म्हणूनच ‘अजांत्रिक’चा शेवट आम्हांस पूर्वीपेक्षा निराळा दिसू लागला. जगद्दल अखेर भंगारात जाते. बिमल पाहत राहतो, आणि तिचा सुटा भोंगा घेऊन एक लहान मूल तो वाजवीत असते. तो आवाज ऐकून बिमल हसतो. ह्या हसण्यास आम्ही एके काळी दिग्दर्शकाने ओढून आणलेला दिलासा समजत होतो. आज तसे वाटत नाही. गाडीचा एक अवयव दुसऱ्या हाती जाऊन वाजतो आहे; काकांच्या पद्मिनीत धडधडणारे इंजिनही अशाच कोणा अनोळखी मालकाच्या गाडीतून आलेले आहे.

काकांनी निराळ्या नोंदणीचा विचार सोडला. मोटारवाहन कायद्याच्या कलम 41 प्रमाणे पाच वर्षांचे साधे नूतनीकरण मागणारा अर्ज आम्ही लिहून दिला. त्यांनी सही केली. शनिवार होता, त्यांना जामसावळीला मारुतीच्या दर्शनास जायचे होते. चोक ओढून दोनदा प्रयत्न केल्यावर गाडी सुरू झाली.