शाळा सोडण्याचे आकडे : स्पेन आणि पोर्तुगाल

2000 साली पोर्तुगालमध्ये 18 ते 24 वयोगटातील सुमारे 44 टक्के तरुण उच्च माध्यमिक शिक्षण पूर्ण न करताच बाहेर पडलेले होते. शेजारच्या स्पेनमध्ये हे प्रमाण 29 टक्क्यांच्या आसपास होते. 2020 मध्ये पोर्तुगाल 9 टक्क्यांच्या खाली आला आणि स्पेन 16 वर राहिला. याचे ठरलेले उत्तर असे : पोर्तुगालने 2009 मध्ये सक्तीचे शिक्षण 18 वर्षांपर्यंत वाढवले, स्पेनमध्ये ते 16 व्या वर्षीच संपते.

हे उत्तर अपुरे आहे. पोर्तुगालची गळती कायद्याच्या आधीपासूनच कमी होत होती. उलट स्पेनमध्ये सक्तीचे वय तेच राहूनही 2008 चे 31 टक्क्यांहून अधिक असलेले प्रमाण 2020 पर्यंत जवळपास निम्मे झाले. मग बदलले काय? 2008 पर्यंत तिथे बांधकामाची तेजी होती. सोळा वर्षांच्या मुलाला विटा-सिमेंटच्या कामावर रोख मजुरी मिळत होती, तो वर्गात कशाला बसेल? तेजी ओसरली, तशी मुले वर्गात टिकू लागली. याचे श्रेय शिक्षण खात्याला देणे धाडसाचे ठरेल.

स्पेनचा खरा दोष मला जिन्यात दिसतो. सोळाव्या वर्षीचे प्रमाणपत्र हुकले की पुढचा सामान्य अभ्यासक्रमही बंद आणि मध्यम व्यावसायिक अभ्यासक्रमाची सरळ वाटही बंद. त्यात एकाच इयत्तेत पुन्हा बसवण्याची जुनी सवय. पोर्तुगालने मात्र नेहमीच्या सरकारी शाळांतच बारावीशी समकक्ष व्यावसायिक अभ्यासक्रम आणले. दहावीनंतर पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले विद्यार्थी आमच्या वर्गात असतात. दुसरी वाट उघडी असण्याची किंमत त्यांना विचारा.

आता मोजपट्टीविषयी. हा निर्देशांक घरोघरच्या नमुना सर्वेक्षणातून येतो. मागील चार आठवड्यांत शाळेबाहेरचा एखादा छोटा प्रशिक्षणवर्ग केलेला तरुणही त्यातून वगळला जातो. सतराव्या वर्षी शाळा सोडून बाविसाव्या वर्षी परतलेलाही त्यात दिसत नाही. म्हणजे हे एका क्षणाचे छायाचित्र आहे. आपल्याकडील यूडायस प्लसचा गळतीदर शाळांनी भरलेल्या नोंदींवरून, वर्षागणिक काढला जातो. दोन्ही आकडे एकाच आलेखावर काढलेले दिसले, तर आधी अक्षांची नावे तपासा.