रांगेत नसलेल्याला पुढचा नंबर

महाराष्ट्रात बारावीच्या संगणकशास्त्रात ‘ऑपरेटिंग सिस्टिम’चे प्रकरण अनेक वर्षे तीन भागांत शिकवले गेले: माहितीचे, प्रक्रियांचे आणि स्मृतीचे व्यवस्थापन. डिस्क पहिल्या भागात, प्रोसेसरच्या वेळेची वाटणी दुसऱ्यात. परीक्षेला ही मांडणी सोयीची आहे. पण प्रत्यक्षातले बिघाड पुष्कळदा या दोन भागांच्या सीमेवरच होतात आणि तेथे विद्यार्थी अडतो, अशी आमची तक्रार आहे.

समजा, उरणजवळच्या करंजा बंदराच्या धक्क्यावर लाटांची उंची मोजायची आहे. लिनक्सवर चालणारा एक छोटा संगणक सेकंदाला चार वेळा पाण्याची पातळी वाचतो, प्रत्येक नोंद मेमरी कार्डावर लिहितो आणि ती पोचल्याची खात्री झाल्यावरच पुढे जातो. मधूनमधून दोन-तीन सेकंदांच्या नोंदी गायब होतात. सर्वांत मोठ्या लाटेचा माथा नेमका तेव्हाच आला, तर मोजणीचा हेतूच फसला.

‘प्रोग्रॅमचा अग्रक्रम वाढवा,’ असे विद्यार्थी सुचवील. पण अग्रक्रमाचा उपयोग प्रोसेसरच्या रांगेत उभे असणाऱ्यांना. हा प्रोग्रॅम रांगेतच नाही. कार्डाची वाट पाहत तो झोपला आहे. फ्लॅश स्मृतीत जुन्या मजकुरावर थेट लिहिता येत नाही. आधी मोठा ठोकळा पुसावा लागतो. त्यामुळे एखादे लेखन एकाएकी लांबते. २०२४ साली लिनक्सच्या ६.१२ आवृत्तीत रिअल-टाइमची सोय मूळ गाभ्यात आली. तिनेही कार्ड वेगवान होत नाही.

निदान सोपे आहे. ‘टॉप’ ही आज्ञा द्यावी. अवस्थेच्या रकान्यात ‘डी’ अक्षर वारंवार दिसले, तर प्रोग्रॅम बहुधा कार्डासाठी खोळंबला आहे. लिनक्सचा ‘लोड अ‍ॅव्हरेज’ १९९३ पासून अशा झोपलेल्यांनाही मोजतो. म्हणून प्रोसेसर रिकामा असूनही भार मोठा दिसतो.

उपाय म्हणजे कामाची विभागणी. एकाने मोजून नोंदी स्मृतीत साठवाव्यात, दुसऱ्याने त्या सवडीने कार्डावर उतरवाव्यात. मात्र वीज गेल्यास साठलेल्या नोंदी जातील. किती गेलेल्या चालतील, हे माणसानेच ठरवायचे.

अभ्यासक्रम चुकीचे शिकवतो, असे नाही. ‘रनिंग, रेडी, ब्लॉक्ड’ या अवस्था त्यात आहेत. गणितांतून मात्र तिसरी गळते. शिक्षकांनी राउंड रॉबिनच्या नेहमीच्या गणितात ‘डिस्कसाठी थांबण्याचा वेळ’ असा एक रकाना वाढवून पाहावा. उत्तरे बदलतील, आणि ती का बदलली हे विद्यार्थी विचारतील.