प्लेगचे पुणे आणि गावकुसाबाहेरचा रुग्ण

साथीच्या रोगावरील थरारपटात रोग हा खरा खलनायक नसतोच, असे माझे मत आहे. एलिया कझानच्या 1950 सालच्या 'पॅनिक इन द स्ट्रीट्स'मध्ये न्यू ऑर्लिन्स शहर प्लेगपासून वाचवायला डॉक्टरला 48 तास मिळतात. प्रेक्षक श्वास रोखतो तो मात्र फरारी गुन्हेगार सापडतात की नाही यासाठी.

मराठीत या जातकुळीचा चित्रपट म्हणजे नचिकेत व जयू पटवर्धन यांचा '22 जून 1897' (1979). इथे सावज आहे खुद्द प्लेग कमिशनर रँड. गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधू त्याला गाठतात. दिग्दर्शकांनी भडकपणा टाळला आहे, वाड्यांचा तपशील जिवंत आहे, हे मान्यच केले पाहिजे.

रँडचे सोजीर स्वयंपाकघरात, देवघरात घुसले, बायकांना तपासणीसाठी बाहेर काढले गेले, चीजवस्तू जाळल्या. ही विटंबना खरी होती. परंतु त्या संतापात दोन धागे पिळलेले आहेत: एक गुलाम प्रजेच्या अपमानाचा, दुसरा विटाळाचा. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला त्या आम्हांला हा दुसरा धागा चटकन ओळखू येतो. चित्रपट तो सोडवून दाखवीत नाही. दामोदर चापेकरांच्या आत्मवृत्तात तर इंग्रजांइतकाच सुधारकांवरही राग आहे.

यवतमाळात काही विद्यार्थ्यांसमवेत मी हा चित्रपट पुन्हा पाहिला. आर्णीकडचा एक मुलगा मध्येच म्हणाला, "सर, याच्यात मुडदे कोन उचलते?" त्याचे वडील सफाई कामगार. 1897 च्या फेब्रुवारीत झालेला साथरोग कायदाच 2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला, आणि कोरोनाची प्रेते उचलायला त्या मुलाच्याच वस्तीतली माणसे गेली होती. कोणत्याही प्रस्थापित समीक्षकाला सुचला नसता असा हा प्रश्न आहे. कॅमेरा वाड्याच्या चौकात रमतो. गावकुसाबाहेर प्लेग कसा मारीत होता, हे विचारायला त्याला सवड नाही.

वस्तुतः थरारच हवा होता तर तो त्याच प्लेगात, पुण्याच्या वेशीवर होता. सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात एक पोर प्लेगने फणफणले आहे असे कळताच सावित्रीबाई तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्याकडे निघाल्या. बाई 66 वर्षांची, पाठीवर अस्पृश्याचे पोर, आणि रोग स्पर्शागणिक जवळ येणारा. काळाशी शर्यत म्हणतात ती याहून वेगळी काय असते? देवघराला लागलेला सोजिराचा हात एका बाजूला आणि हा हात दुसऱ्या बाजूला ठेवून पाहिले, तर स्पर्शाची दोन शास्त्रे एकाच शहरात, एकाच साथीत उभी दिसतात. चित्रपटाला त्यांतले एकच ठाऊक आहे.

10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या. रँडवर गोळी झाडली जायला तेव्हा अजून सव्वातीन महिने होते.