पंचावन्न मिनिटांचे माप

नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) आठवतात ते त्यांच्या पदव्यांमुळे. आहारावरचे त्यांचे एक व्याख्यान मात्र त्या पदव्यांहून अधिक घरांत पोहोचले. खरी भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदाच जेवा, हा त्याचा गाभा. त्यावरूनच डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी आपली आहारपद्धती मांडली आणि ‘विनासायास वेटलॉस’ हे शब्द मराठी घरांत रुळले. नियम सुटसुटीत आहेत: दोन जेवणे, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही खायचे नाही, गोड टाळायचे आणि रोज ४५ मिनिटे चालायचे. कसली पावडर विकत घ्यावी लागत नाही, ही या पद्धतीची मोठीच जमेची बाजू.

मीही ती पाळली. सात महिन्यांत ८ किलो वजन उतरले. पुढच्या दोन वर्षांत त्यातले ६ परत आले. भेटेल त्याचे निदान एकच, ‘मनाचा निग्रह कमी पडला.’ शरीरक्रियेचा अभ्यास असूनही मला ते पटले होते, याचे आज नवल वाटते.

आधी ५५ मिनिटांकडे पाहू. समर्थनार्थ असे सांगितले जाते, की खाल्ले की इन्सुलिनचे एक ठरावीक माप पडते आणि या वेळेत कितीही खाल्ले तरी दुसरे पडत नाही. पण बीटा पेशी रेशनच्या दुकानातले माप वापरत नाहीत. उपाशीपोटीही इन्सुलिन थोडे थोडे स्रवतच असते. दिवसभरातील साधारण निम्मे इन्सुलिन असेच येते. जेवणानंतर पहिली लाट सुमारे १० मिनिटांत ओसरते. दुसरी रक्तातील ग्लुकोज खाली येईपर्यंत चालू राहते. दोन पोळ्यांना आणि सहा पोळ्यांना इन्सुलिन सारखे लागत नाही. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे सहज समजते. मोठ्यांना समजावणे कठीण जाते, कारण ‘गुण आला ना?’ हा प्रश्न तयार असतो.

गुण येतो, पण कारण निराळे. चारचा चहा-बिस्किटे, शिक्षक-खोलीतली वाढदिवसाची संत्रा बर्फी, रात्रीचा उरलेला चिवडा, सारे एका नकारात सुटते. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर एक प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०२२ साली आले. दोन्ही गटांना उष्मांक कमी दिले. एका गटाने शिवाय ८ तासांतच खायचे होते. वर्षभरात त्या गटाचे वजन सरासरी ८.० किलोने घटले, दुसऱ्याचे ६.३ किलोने, हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. प्रयोग नेमका दोन जेवणांचा नव्हे, पण वेळेच्या बंधनात वेगळी जादू नसावी असे त्यावरून वाटते. या पद्धतीचे यश मला तरी मानसिक वाटते: प्रत्येक घासाशी वाद घालण्याऐवजी निर्णय एकदाच होतो.

माझा आक्षेप ‘विनासायास’ या शब्दाला आहे. ऑस्ट्रेलियात ५० जणांना १० आठवडे अत्यल्प उष्मांकांवर ठेवले. वजन सरासरी १३.५ किलोने उतरले. वर्षानंतर तपासले तेव्हाही भूक वाढवणारे घ्रेलिन चढलेले आणि तृप्ती देणारे लेप्टिन उतरलेलेच होते (हा अभ्यास २०११ चा). शरीराच्या लेखी तो दुष्काळच होता. म्हणजे आयास आहेत, आणि ते वजन उतरल्यानंतर सुरू होतात. हे न सांगितल्यामुळे वजन परत आलेला माणूस स्वतःलाच दोषी ठरवतो, लाजेने तपासणीलाही जात नाही. बदलायचा विचार असेल तर हा: चष्मा सहा महिने लावून काढला की पुन्हा अंधुक दिसते, आणि त्याला कोणी निग्रहाचा अभाव म्हणत नाही.

एक धोका स्पष्ट सांगायला हवा. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्याने परस्पर जेवण वगळले तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. वाढत्या वयाच्या मुलांनी घरातल्या मोठ्यांचे पाहून हा नियम उचलू नये.

मी पुन्हा दोन जेवणांवर आलो आहे, ते सोयीचे आहे म्हणून. घड्याळ लावून जेवत नाही. दर रविवारी वजन वहीत लिहितो, लग्नसराईतले आकडेसुद्धा.