‘शाळा’ : पहिले प्रेम आणि शिस्तीचा काळ

मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवर आधारित, सुजय डहाके दिग्दर्शित ‘शाळा’ (२०१२) या चित्रपटात आणीबाणीच्या काळातील नववीच्या मुकुंद जोशीचे शिरोडकरवरील प्रेम चित्रित झाले आहे. येथे काळ ही केवळ सजावट नाही. देशावरील दडपण आणि वर्गातील शिस्त यांमुळेच हे प्रेम नजरेपुरते, आडनावाच्या हाकेपुरते उरते. मित्र सुऱ्याने केवडाजवळ उघड केलेले प्रेम शिक्षेस पात्र ठरते. त्यामुळे जोशीच्या संकोचाला अर्थ प्राप्त होतो. कादंबरीच्या तुलनेत राजकीय धागा पडद्यावर क्षीण झाला आहे, ही मर्यादा होय. तथापि शिरोडकर गाव सोडून गेल्यानंतरही जे उरते, ते अपूर्णतेमुळेच चिरंतन ठरते, हे चित्रपट समर्थपणे सूचित करतो.