मूकपटातील ‘सुलोचना’ : चेहरा आणि उच्चार

भारतीय मूकपटाच्या इतिहासलेखनात रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना हिचा उल्लेख प्रायः एका आख्यायिकेने होतो : तिचे वेतन मुंबईच्या गव्हर्नरापेक्षा अधिक होते. (मराठी वाचकाला ‘सुलोचना’ म्हणताच सुलोचना लाटकर आठवतात; येथे त्या अभिप्रेत नाहीत.) या आख्यायिकेतून तिच्या लोकप्रियतेचे माप मिळते, अभिनयाचे नाही. दुसरे रूढ विधान असे की, बोलपट आला आणि तिची कारकीर्द संपली. हे विधान तपासून पाहणे आवश्यक वाटते.

पुण्यात १९०७ साली एका बगदादी ज्यू कुटुंबात जन्मलेली ही तरुणी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून कोहिनूर कंपनीत आली. ‘वीरबाला’ (१९२५), ‘टायपिस्ट गर्ल’ (१९२६) आणि आठ भूमिका एकटीने केलेला ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) हे तिचे आरंभीचे चित्रपट. या शेवटच्या चित्रपटात ती माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ आणि गोरी युरोपीय स्त्रीही झाली. मूकपटाने तिला दिलेले स्वातंत्र्य येथे नेमके दिसते. संवादपट्ट्या बोलत असल्यामुळे चेहरा कोणत्याही जातिधर्माचा, कोणत्याही भाषेचा होऊ शकत होता. त्याच बळावर ती १९२८ मध्ये इंपीरियलच्या, आर. एस. चौधरी दिग्दर्शित चित्रपटात अनारकली झाली आणि १९२९ मध्ये ‘इंदिरा बी. ए.’.

ध्वनीने हा चेहरा उच्चाराशी जखडून टाकला. १९३१ चा ‘आलम आरा’ इंपीरियलचाच; परंतु नायिका झुबेदा. कंपनीची सर्वांत मोठी तारका पहिल्या बोलपटात नसावी, ही घटना पुरेशी बोलकी आहे. मात्र सुलोचना थांबली नाही. काही काळ हिंदुस्थानीचा अभ्यास करून ती परतली आणि ‘माधुरी’ (१९३२), ‘इंदिरा एम. ए.’ (१९३४), ‘अनारकली’ (१९३५), ‘बंबई की बिल्ली’ (१९३६) असे बोलपट तिने केले. हे चारही तिच्याच मूकपटांवर आधारलेले होते. म्हणजे अडसर केवळ भाषेचा नव्हता. निर्मात्यांनी तिला नवी भूमिका देण्याऐवजी जुन्या यशाचीच आवृत्ती काढली, बी. ए.ची एम. ए. झाली, एवढाच काय तो फरक! गाणाऱ्या नायिकांचा तो काळ होता, हेही ध्यानात घ्यावे लागते. तरीही या पुनरावृत्तीची जबाबदारी अभिनेत्रीच्या जिभेवर टाकणे अन्यायाचे आहे.

१९५३ च्या ‘अनारकली’त बीना राय नायिका होती आणि सुलोचना सलीमची आई. १९७३ साली तिला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. १९८३ मध्ये मुंबईत तिचे निधन झाले. भारतात सुमारे तेराशे मूकपट निर्माण झाले, त्यांपैकी अगदी मोजके आज उपलब्ध आहेत. त्यामुळे तिच्या मूकाभिनयाविषयी लिहिणारा समीक्षक बहुतांशी स्थिरचित्रे, जाहिराती आणि कथासार यांवरच विसंबून असतो. तिच्या ‘सौंदर्या’बद्दल भरभरून लिहिले जाते आणि अभिनयाबद्दल जवळजवळ काहीच नाही, याचे कारण काही अंशी येथे आहे, पण केवळ येथेच नाही.